भिंतीचा ठराव आणि समोरच्या इमारतीच्या किल्ल्या

पत्राचा सारांश: पुण्याच्या हद्दीलगत वाढलेल्या एका उपनगरातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई तीन टॉवरच्या सोसायटीच्या मानद सचिव आहेत. सहा वर्षांपूर्वी त्यांनी इथे घर घेतलं, कर्जाची चौदा वर्षं अजून बाकी आहेत. त्याच लेआउटमध्ये लहान सदनिकांची चौथी इमारत पूर्ण झाली असून म्हाडाच्या सोडतीतले विजेते लवकरच राहायला येणार आहेत. त्यावरून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रान उठलं आहे. पाण्याचे टँकर आत्ताच पुरत नाहीत, पार्किंगवरून भांडणं होतील, घरांच्या किमती उतरतील, आमच्या पैशांवर ‘ती माणसं’ क्लबहाउस वापरतील, अशी सगळ्यांची ओरड आहे. दोन इमारतींमध्ये भिंत घालून वेगळं गेट काढण्याचा ठराव विशेष सर्वसाधारण सभेत येणार आहे. शिवाय ‘अशी घरं या वॉर्डात किमान पंधरा वर्षं राहणाऱ्या स्थानिकांनाच द्यावीत’ असं पत्र आमदारांना जाणार असून त्यावर सचिव म्हणून सही करा, असा अध्यक्षांचा आग्रह आहे. ताई लिहितात, ‘माझ्याकडे काम करणाऱ्या मावशी मूळच्या लातूर जिल्ह्यातल्या, अकरा वर्षं मागच्या वस्तीत राहतात. त्यांना घर नाही आणि कुठून कुठून लोक इथे येणार, हे मला खटकतं. भिंतही खटकते. सही केली नाही तर सोसायटीत मी एकटी पडेन. काय करू?’

ताई,

सभेला थोडेच दिवस उरलेत, म्हणून सहीचं आधी सांगते. भिंतीच्या ठरावाला पाठिंबा देऊ नका. आमदारांच्या पत्रावरही, ते सध्या ज्या शब्दांत आहे त्या शब्दांत, सही करू नका. पण नकार देऊन गप्प बसलात तर तेही बरोबर होणार नाही. तुमच्या सदस्यांची पाण्याची आणि खर्चाची तक्रार खरी आहे, आणि भिंतीच्या भांडणात तीच मागे पडणार आहे.

ग्रुपवरचे जे संदेश तुम्ही पत्रात उतरवलेत, त्या सगळ्यांत एक गोष्ट न बोलता धरून चाललेली दिसते: ती इमारत नंतर आली, बाहेरून आली, कुणीतरी तुमच्यावर लादली. तसं झालेलं नाही. राज्य सरकारने नोव्हेंबर २०१३ मध्ये नियम आणला की दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर प्रकल्प करणाऱ्या विकासकाने बांधकामातला २० टक्के हिस्सा अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायचा. घरं साधारण ३० ते ५० चौरस मीटरची. ती कुणाला मिळणार हे म्हाडाची सोडत ठरवते. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही ही तरतूद कायम राहिली. म्हणजे तुमच्या तीन टॉवरना परवानगी मिळाली ती या चौथ्या इमारतीसकट. कपाटातून करारनामा काढा आणि त्याला जोडलेला मंजूर आराखडा बघा. तो नसेल तर महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर सापडेल. तुम्ही घर घेतलंत तेव्हा रेरा लागू होऊन काही वर्षं झाली होती. विक्री कार्यालयातल्या माणसाने त्या कोपऱ्याकडे बोट दाखवून ‘तिकडे पुढचा टप्पा’ एवढंच सांगितलं असेल, आणि माहितीपत्रकात तिथे झाडं रंगवली असतील. ती तक्रार रास्त आहे, पण ती बिल्डरकडे करायची. सोडतीत नाव लागलेल्या कुटुंबाने त्यात काय केलं?

लेआउट एकच आहे हे मान्य केलं की भिंतीचा प्रश्न बराचसा निकालात निघतो. मंजूर आराखड्यातले रस्ते, अग्निशमन गाडीचा मार्ग आणि खुली जागा सोसायटीच्या ठरावाने बदलत नाहीत, त्याला नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते. एवढ्या मोठ्या भूखंडावर दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते आणि ती लेआउटमधल्या सगळ्या रहिवाशांच्या सामाईक वापरासाठी असते. तिथली घसरगुंडी तुमच्या टॉवरच्या मुलांची जितकी, तितकीच समोरच्यांच्या मुलांची. उद्या एखाद्याने महापालिकेत तक्रार केली तर भिंत पाडायचा खर्चही सोसायटीलाच करावा लागेल. लंडनमध्ये २०१९ साली असंच एक प्रकरण गाजलं. एकाच प्रकल्पातल्या कमी भाड्याच्या, म्हणजे सामाजिक घरांतल्या मुलांना खेळाच्या जागेत जाता येऊ नये म्हणून मध्ये अडसर ठेवला होता. बातमी आली, देशभर टीका झाली आणि तो काढावा लागला. तिथेही बऱ्याच खासगी घरमालकांना तो अडसर नकोच होता. तुमच्या सोसायटीतही गुप्त मतदान घेतलंत तर निकाल ग्रुपवरच्या आरड्याओरड्यापेक्षा वेगळा लागेल, असा माझा अंदाज आहे.

‘ती माणसं’ कोण, हेही एकदा पाहून घेऊ. म्हाडाच्या सध्याच्या मर्यादेप्रमाणे पुणे महानगर क्षेत्रात पती-पत्नीचं मिळून वार्षिक उत्पन्न सहा लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प गट आणि नऊ लाखांपर्यंत असेल तर अल्प गट. नऊ लाख म्हणजे महिना पंचाहत्तर हजार. या गटांत खासगी शाळेतली शिक्षिका बसते, रुग्णालयातली परिचारिका बसते, बँकेत नुकताच लागलेला लिपिक बसतो. तुमच्या अध्यक्षांचा मुलगा पहिल्या नोकरीला लागला असेल तर तोही बसत असेल. घर त्यांना फुकट मिळत नाही. त्यांचाही करारनामा बिल्डरशीच होतो आणि तुमच्यासारखंच तेही गृहकर्ज काढतात. किंमत बाजारभावापेक्षा कमी असते, एवढाच फरक. मिळालेलं घर पाच वर्षं विकताही येत नाही. या लोकांविषयी ग्रुपवर जे लिहिलं जातंय ते वाचून मला वाटतं, लिहिणाऱ्यांच्या मनात माणसं वेगळीच आहेत. ती वेगळी माणसं आली असती तरी भिंत चुकीचीच ठरली असती, हे वेगळं सांगायला नको. पण निदान कुणाला घाबरतो आहोत, हे तरी माहीत असावं.

किमतीची भीती मी खोटी म्हणून उडवून लावणार नाही. चौदा वर्षांचं कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला ती वाटणारच. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोन अर्थतज्ज्ञांनी करसवलतीतून उभ्या राहिलेल्या परवडणाऱ्या घरांचा शेजारच्या किमतींवर काय परिणाम होतो, हे तपासलं. २०१९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. गरीब वस्तीत अशी इमारत आली तर अगदी लगतच्या घरांच्या किमती सुमारे साडेसहा टक्क्यांनी वाढल्या. सधन, बहुतांश गोऱ्या लोकांच्या वस्तीत त्या सुमारे अडीच टक्क्यांनी उतरल्या. तिथली घरं भाड्याची, तुमच्या समोरची मालकीची, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा इथे लागू होत नाही. पण भीती केवढी धरावी, याचा अंदाज त्यातून येतो. तुमचं घर बघायला आलेला ग्राहक समोर लहान खिडक्यांची इमारत पाहून किंमत पाडेल की गेटवर उभे असलेले चार टँकर पाहून? माझं मत विचाराल तर टँकर पाहून. आणि सोसायटीचा शेजाऱ्यांशी न्यायालयात वाद चालू आहे हे कळलं तर तो वरही येणार नाही.

खर्चाचं आणि पाण्याचं मात्र नीट बोलायला हवं, कारण अशा बहुतेक प्रकल्पांत शेवटी इथेच गाडी अडते.

बिल्डरला आधी एक लेखी प्रश्न विचारा: चौथी इमारत तुमच्याच सोसायटीत येणार की तिची वेगळी संस्था होणार? तुमच्या पत्रावरून दिसतं की हे अजून कुणालाच माहीत नाही, आणि ठराव मात्र तयार आहे! तुमच्या सोसायटीत येणार असेल तर सहकार कायद्याप्रमाणे ते बरोबरीचे सभासद होतील. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि प्रत्येक सभासदाला एक मत. घर तीनशे चौरस फुटांचं असो की तेराशे, मत एकच.

‘आमच्या पैशांवर’ या म्हणण्याची गंमत आता पाहा. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, सुरक्षारक्षक, सफाई, सोसायटीचं कार्यालय, सामाईक दिवे यांचं सेवाशुल्क सगळ्या सदनिकांना सारखं असतं. क्षेत्रफळाशी त्याचा संबंध नसतो. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) तेवढे बांधकाम खर्चाच्या प्रमाणात, म्हणजे लहान घराला कमी. समजा तुमच्याकडे महिन्याचं सेवाशुल्क साडेतीन हजार आहे. तुमच्या तीन खोल्यांच्या घराला साडेतीन हजार आणि समोरच्या एका खोलीच्या घरालाही साडेतीन हजार. महिना चाळीस-पन्नास हजारांत हप्ता, शाळा आणि प्रवास भागवणाऱ्या कुटुंबाला पोहण्याच्या तलावाच्या देखभालीचा वाटा उचलावा लागेल, मग त्यांनी त्यात पाय बुडवलेला असो वा नसो. एकत्र सोसायटी झाली तर कोण कोणाच्या पैशांवर जगेल, याचं उत्तर ग्रुपवरच्या उत्तराच्या उलट येतं. आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी थकबाकी साचायला लागते, फलकावर नावं लागतात, आणि ज्यांनी भिंत मागितली होती ते म्हणतात, ‘बघा, आम्ही सांगत होतो.’

यातून वाट निघते. चौथ्या इमारतीची वेगळी संस्था असावी, तिचा जिना, लिफ्ट आणि सफाई तिने पाहावी, आणि सामाईक रस्ता, पाणी, सांडपाणी प्रक्रिया केंद्र यांच्यासाठी सगळ्या इमारतींची मिळून शिखर संस्था, ज्याला आपण फेडरेशन म्हणतो ती, असावी. फेडरेशनमधला खर्चाचा वाटा वापराप्रमाणे ठरवावा. पाण्याला इमारतनिहाय मीटर बसवला की निम्मे वाद संपतात. क्लबहाउसचा प्रश्न त्यांच्या करारनाम्यात काय लिहिलंय त्यावर अवलंबून आहे. त्यात क्लबहाउस असेल तर वादाला जागाच नाही. नसेल तर वापरेल त्याने शुल्क भरावं, अशी सोय ठेवता येईल. काही प्रकल्पांत बिल्डर सोसायटीऐवजी अपार्टमेंटचं घोषणापत्र करतो. तिथे १९७० च्या अपार्टमेंट कायद्याप्रमाणे खर्च सामाईक मालमत्तेतल्या प्रत्येक घराच्या अविभक्त हिश्शाच्या प्रमाणात विभागला जातो आणि लहान घराला आपोआप कमी येतो. तुमच्याकडे सोसायटी आधीच स्थापन झालीय, म्हणून तो मार्ग तुम्हाला नाही, पण ज्यांच्या प्रकल्पात अजून काहीच नोंदणी झालेली नाही त्यांनी याचा विचार जरूर करावा.

पाण्याचं काय? समोर ऐंशी-शंभर कुटुंबं आली म्हणजे मागणी वाढणार, यात शंका नाही. पण तुमच्याकडे पाणी कमी आहे ते आजच, ती कुटुंबं यायच्या आधीपासून. पुण्याच्या कडेकडेच्या अनेक भागांत महापालिकेचं पाणी पुरेसं पोचेपर्यंत पाणी पुरवण्याचं हमीपत्र विकासकाकडून घेतलं जातं. तुमच्या बिल्डरने तसं दिलं होतं का, ते बांधकाम परवानगीच्या कागदांत मिळेल. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, किंवा सरळ प्रत मागा. ते हमीपत्र हातात असलं तर बिल्डर आणि महापालिका या दोघांना धरता येतं, आणि तिथे शंभर कुटुंबांच्या जास्तीच्या सह्या तुमच्या उपयोगाच्या आहेत. म्हाडाचे लाभार्थी असलेली इमारत कोरडी राहिली तर म्हाडालाही उत्तर द्यावं लागतं. मुंबईजवळच्या विरार-बोळींजला म्हाडाची हजारो घरं वर्षानुवर्षं विकली गेली नाहीत, त्यात पाण्याची टंचाई हे मोठं कारण होतं. भिंतीपलीकडच्यांना सोबत घेतलंत तर पाण्याच्या लढाईत तुमची बाजू बळकट होईल.

पार्किंगबद्दल थोडक्यात: आराखड्यात ज्या इमारतीला जेवढी जागा दाखवली आहे तेवढी तिची. पाहुण्यांच्या जागा फेडरेशनने ठरवाव्यात. यावर ग्रुपवर रात्री अकरानंतर चर्चा करू नये, हा माझा फुकटचा सल्ला.

आता आमदारांच्या पत्राकडे येते. इथे मला जास्त वेळ थांबायचंय, कारण भिंतीबद्दल तुमचं मत आधीच ठरलेलं दिसतं, या मुद्द्यावर मात्र तुम्ही खरोखर अडला आहात.

स्थानिकांना प्राधान्य द्या या मागणीत खोट काहीच नाही असं वाटतं, आणि तिच्यामागे खरी कारणंही आहेत. ज्या गावाच्या शेतजमिनीवर तुमचे टॉवर उभे राहिले, तिथल्या जमीनमालकांना पैसे मिळाले असतील, पण त्याच शेतांवर राबणाऱ्या भूमिहीनांना काय मिळालं? त्यांच्या मुलांना आपल्याच गावात भाडं परवडत नाही. दुसरीकडे, सोडत आंधळी असते. राज्यातला कुणीही पात्र माणूस अर्ज करू शकतो, त्यामुळे ज्याची नोकरी भलत्याच शहरात आहे त्यालाही नाव लागतं आणि मग ते घर भाड्याने जातं. माणूस जिथे काम करतो तिथे त्याला घर मिळावं, ही मागणी मला पूर्ण पटते.

पण आमदारांच्या पत्रातली अट कामाची नाही, वास्तव्याची आहे. वॉर्डात पंधरा वर्षं. ती अट मावशींना लावून पाहा. त्या अकरा वर्षं राहतात, म्हणजे बाहेर. आणखी चार वर्षांनी सुद्धा त्यांना ते सिद्ध करता येईल का? वस्तीतल्या खोलीचा नोंदणीकृत भाडेकरार कुणी करत नाही, वीजबिल मालकाच्या नावावर असतं, खोली बदलली की पत्ता बदलतो. वास्तव्याचा पुरावा भक्कम असतो तो ज्यांच्याकडे आधीच घर आहे त्यांच्याकडे. तुम्ही स्वतः, ताई, सहा वर्षांपूर्वी आलात. तुमच्या समितीतलं कोण या अटीत बसतं, ते मोजून पाहा.

आणि सध्याचा नियम काय सांगतो? अर्जदार महाराष्ट्राचा अधिवासी असावा. त्यासाठी राज्यातलं पंधरा वर्षांचं वास्तव्य पाहिलं जातं, वॉर्डातलं नव्हे, शहरातलंही नव्हे. लातूर जिल्ह्यात जन्मलेल्या, तिथे शाळेत गेलेल्या आणि अकरा वर्षं पुण्यात असलेल्या मावशी त्यात आजच बसतात. ज्या नियमाचा तुम्हाला राग आलाय तो त्यांना आत घेतो, आणि ज्या पत्रावर तुम्ही सही करणार आहात ते त्यांना बाहेर काढतं. त्यांना घर ‘नाही’ असं तुम्ही लिहिलंत. त्यांनी कधी अर्ज केला होता का, ते मात्र लिहिलं नाहीत.

वास्तव्याच्या लांबलचक अटी गरजू माणसालाच कशा बाहेर ठेवतात, याचा अनुभव इतर देशांनीही घेतलाय. इंग्लंडमध्ये २०११ च्या कायद्याने स्थानिक संस्थांना सामाजिक घरांसाठी कोण पात्र हे ठरवायची मोकळीक मिळाली आणि अनेकांनी वास्तव्याच्या अटी घातल्या. लंडनच्या हिलिंग्डन भागात ती अट दहा वर्षांची होती. २०१९ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ती भटक्या आयरिश समाजाशी आणि निर्वासितांशी भेदभाव करणारी ठरवली. ज्यांना एका जागी राहणं परिस्थितीनेच अशक्य केलं, त्यांच्याकडून एका जागी राहिल्याचा पुरावा मागितला जात होता. व्हिएन्नामध्येही वास्तव्याची अट होतीच, पण वर्षानुवर्षं ती दोन वर्षांची होती. तिथे जवळपास निम्मं शहर महापालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतं. घरं मुबलक असली की ‘आतला’ आणि ‘बाहेरचा’ यांचं भांडण एवढं चिघळत नाही. आपल्याकडे दहा घरांमागे शेकडो अर्ज येतात, मग रांगेतल्या माणसाला पुढच्याची जात, गाव, भाषा सगळं खुपायला लागतं. राग रांगेच्या लांबीवर यायला हवा.

प्राधान्य कुणाला, हा वाद घालायचाच असेल तर आरक्षणाची यादी वाचा. सोडतीत अनुसूचित जातींसाठी ११ टक्के, अनुसूचित जमातींसाठी ६ टक्के, भटक्या आणि विमुक्तांसाठी, अपंगांसाठी, माजी सैनिकांसाठी, शासकीय कर्मचाऱ्यांसाठी, पत्रकारांसाठी, कलाकारांसाठी हिस्सा आहे. आजी-माजी आमदार-खासदारांसाठीसुद्धा आहे. घरकामगारांचं नाव त्या यादीत नाही. आमदारांना लिहायचंच आहे तर हे लिहा. त्यांच्या स्वतःच्या गटाचा उल्लेख आल्यामुळे ते निदान लक्षपूर्वक वाचतील.

म्हणून पत्र फेकू नका, बदला. समोरच्या इमारतीची सोडत होऊन गेली आहे, विजेते ठरले आहेत; कुणाच्याही पत्राने ते बदलणार नाहीत, हे समितीला आधी सांगा. पुढच्या सोडतींसाठी मागता येण्यासारखं बरंच आहे. म्हाडाच्या पुणे मंडळाने सोडतीआधी वस्तीत माहिती शिबिर घ्यावं. तहसील कार्यालयाने त्याच शिबिरात उत्पन्नाचे आणि अधिवासाचे दाखले द्यावेत. रोख मजुरी मिळवणाऱ्यांना कर्ज मिळण्याची व्यवस्था व्हावी, कारण कर्ज न मिळाल्याने नाव लागूनही घर सोडावं लागणारी कुटुंबं असतात. मे २०२५ मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत पस्तीस लाख घरांचं उद्दिष्ट आहे आणि त्यात नोकरदार महिला, औद्योगिक कामगार यांच्या घरांचाही विचार आहे. त्यातली काही घरं तुमच्या भागात, कामाच्या जवळ आणि भाड्याने मिळतील अशी यावीत, ही मागणी स्थानिकही आहे आणि न्याय्यही. अशा पत्रावर सही करताना तुमचा हात अडखळणार नाही.

एकटं पडण्याची भीती तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलीत, आणि मला वाटतं पत्र लिहायचं खरं कारण तेच असावं. सोसायटीतलं एकटेपण वाईट. लिफ्टमध्ये लोक मोबाइलकडे बघायला लागतात, सणाच्या वर्गणीची पावती सगळ्यात शेवटी आपल्या दारी येते. यावर माझ्याकडे जादूचा उपाय नाही. पण सभेच्या पहिल्या दिवशीच ‘तुम्ही सगळे चुकताय’ असं म्हणून उभं राहायची गरजही नाही. विशेष सभेच्या नोटिशीला पाच पूर्ण दिवस द्यावे लागतात. तेवढ्या दिवसांत मंजूर आराखड्याची प्रत, बिल्डरला पाठवलेलं पत्र आणि खर्चाचा एक साधा तक्ता तयार ठेवा. विषयपत्रिकेत भिंतीच्या आधी ‘पाणीपुरवठा आणि फेडरेशन’ हा विषय घाला, सचिव म्हणून ते तुमच्या हातात आहे. लोकांना पाण्यावर बोलायचंच असतं. त्यावर तासभर गेला की भिंतीसाठी फारसा दम उरत नाही.

तरीही ठराव आलाच आणि मंजूर झालाच, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. इतिवृत्त लिहिणं आणि त्यावर सही करणं हे सचिवाचं काम आहे, त्याने तुम्ही ठरावाच्या बाजूच्या होत नाही. मात्र आपलं विरोधी मत कारणासह इतिवृत्तात नोंदवून घ्या. उद्या महापालिकेची नोटीस आली किंवा सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार गेली, तर समितीच्या सदस्यांना एकत्रितपणे जबाबदार धरलं जातं. तेव्हा ती नोंदवलेली ओळ तुमच्या कामाला येईल. आणि सभेच्या आधी तीन-चार जणांशी वेगवेगळं, घरी जाऊन बोला. निवृत्त मंडळींपासून सुरुवात करा. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं पहिलं घर हाउसिंग बोर्डाच्या किंवा म्हाडाच्या वसाहतीत होतं, हे मी पैजेवर सांगते.

किल्ल्या मिळाल्यावर समोरच्या इमारतीतून दोघांना तुमच्या पुढच्या बैठकीला बोलवा, अजून संस्था नोंदली गेली नसली तरी. बाकी स्वागतसमारंभ वगैरे करायचा की नाही, तुम्ही ठरवा. मला स्वतःला असे समारंभ अवघडल्यासारखे वाटतात. टँकरचं वेळापत्रक आणि कचरा वेगळा करायच्या सूचना हातात पडल्या तर नव्या माणसाला जास्त आपलंसं वाटतं.

आणि मावशी. त्यांच्याशी बोलताना आधी विचारा की त्यांना इथे घर हवंय का. कदाचित त्यांच्या मनात गावी खोली बांधायचं असेल. हवं असेल तर काम पुढच्या सोडतीची जाहिरात येण्याआधी सुरू करायला लागेल, कारण आता म्हाडा कागदपत्रं सोडतीआधीच तपासते. आधार आणि पॅन दोन्हींवर नाव सारखं हवं. अधिवास प्रमाणपत्र २०१८ नंतरचं, बारकोड असलेलं लागतं. शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माची नोंद असेल तर ते सेतू केंद्रातून निघतं. गावी जाऊन आणायचं असेल तर त्यांना पगारी सुट्टी द्या. प्राप्तिकराचं विवरणपत्र भरत नसल्याने तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागेल, आणि पती असतील तर उत्पन्न दोघांचं मिळून धरलं जातं. लातूरकडे सासरचं घर असेल तर घाबरू नका: म्हाडाची अट त्या त्या महापालिकेच्या हद्दीत स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा अठरा वर्षांखालच्या मुलांच्या नावे घर नसण्याची असते. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या घरांना मात्र देशात कुठेही पक्कं घर नसावं लागतं, म्हणून जाहिरातीत घर कोणत्या योजनेतलं आहे ते बघूनच अर्ज भरा.

सगळ्यात अवघड भाग कर्जाचा, आणि त्यात तुम्ही आजपासून काहीतरी करू शकता. त्यांचा पगार रोख देणं बंद करा आणि बँकेत जमा करा. त्या आणखी ज्या घरांत काम करतात, त्यांनाही तसं करायला सांगा. बहुतेक घरं तुमच्याच टॉवरमधली असतील. वर्ष-दीड वर्षाच्या पासबुकात दरमहा नियमित रक्कम दिसली आणि सोबत कामाचं पत्र असलं, तर बँकेच्या माणसाशी बोलायला काहीतरी हातात असतं. अर्जासोबतच्या अनामत रकमेसाठी उसने पैसे द्यायचे असतील तर द्या, नाव लागलं नाही तर ती रक्कम त्यांच्या खात्यात परत येते. आणि कुणी ‘साहेबांची ओळख आहे, घर काढून देतो’ म्हणत वस्तीत आला तर त्याला एक रुपयाही देऊ नका, असं त्यांना बजावून ठेवा. म्हाडाने कोणताही दलाल नेमलेला नाही. अर्ज, अनामत आणि निकाल, सगळं ऑनलाइनच होतं.